सहा सूर, बारा तारा

तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना आपण जोड म्हणतो. दोन्ही एकाच षड्जावर लावायच्या असतात. लावणारा एक तार छेडतो, मग दुसरी, डोळे मिटून ऐकतो, खुंटी केसभर फिरवतो, पुन्हा ऐकतो. दोन तारांच्या कंपनांत जरासा फरक असला तरी आवाजाला हेलकावे येतात. एक तार सेकंदाला 220 वेळा आणि दुसरी 222 वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला बरोबर 2 हेलकावे ऐकू येतात. फरक कमी होत गेला की हेलकावे लांबतात, संथ होतात आणि शेवटी विरून जातात. मग म्हणायचं, जोड मिळाली.

बारा तारांच्या गिटारचा सगळा जीव या हेलकाव्यांत आहे. तंबोरा लावणारा ज्यांना घालवून देतो, त्यांना ही गिटार घरात ठेवून घेते. तिच्यावर तारांच्या सहा जोड्या असतात आणि वाजवणारा प्रत्येक जोडी एकाच बोटाने दाबतो. बोटाचा दाब दोन्ही तारांवर कधीच अगदी सारखा पडत नाही, आणि जाड तार दाबल्यावर जेवढी चढते तेवढीच बारीक तारही चढेल असं नसतं. त्यामुळे मोकळ्या तारा कितीही चोख लावल्या तरी वाजवताना जोडीत किंचित फट राहते. त्या फटीतून जो थरथरता, चमचमता नाद निघतो, तो ऐकताना ही एकच गिटार आहे यावर कानांचा विश्वास बसत नाही.

जोड्यांची मांडणी अशी असते. नेहमीच्या गिटारच्या सहा तारा, जाडीकडून बारकीकडे जाताना, सेकंदाला साधारण 82, 110, 147, 196, 247 आणि 330 कंपनांच्या असतात. शेवटच्या दोन तारांना त्याच स्वराची जोडीदार मिळते. बाकीच्या चार तारांना मात्र एक सप्तक वरची बारीक तार दिली जाते: 82 ला 165, 110 ला 220, 147 ला 294, 196 ला 392. आता हा शेवटचा आकडा पाहा. 392 ची ही तार गिटारच्या सगळ्यात उंच, 330 च्या तारेलाही मागे टाकते, आणि तिची जागा आहे ऐन मधोमध. वाजवणाऱ्याचा हात जाड तारांकडून बारीक तारांकडे सरकत असताना मधेच एक अतितार स्वर डोकावून जातो. या वाद्याच्या झंकाराला जी धार येते, तिच्यात या एका तारेचा वाटा फार मोठा आहे. वारंवार तुटणारी तारही बहुधा हीच.

लाकडी, बिनविजेची बारा तारांची गिटार अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दिसू लागली. न्यू जर्सीतल्या ऑस्कर श्मिट कंपनीच्या ‘स्टेला’ गिटार स्वस्त होत्या आणि आवाजाला दणदणीत होत्या. रस्त्यावर, बाजारात, घरगुती नाचांत एकट्याने गाणाऱ्या कृष्णवर्णीय गायकांच्या हातांत त्या पोचल्या. अटलांटाचा ब्लाइंड विली मॅकटेल त्यांतला एक. दुसरा हडी लेडबेटर, ज्याला जग लेड बेली म्हणून ओळखतं. लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या जॉन लोमॅक्सला तो 1933 साली लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात भेटला, तेव्हा त्याचा आवाज आणि त्याची बारा तारांची गिटार दोन्ही ध्वनिमुद्रित झाली. लेड बेली आपल्या तारा नेहमीच्या पट्टीपेक्षा बऱ्याच खाली उतरवून लावायचा. त्याच्या गाण्याला ते शोभतही होतं, पण त्यामागे लाकडाची मजबुरीही होती. सहा तारा गिटारच्या पोटावर आणि मानेवर मिळून सुमारे 70 ते 80 किलोंचा ताण देतात. बारा तारा त्याहून कितीतरी जास्त. जाड तारा पूर्ण पट्टीत चढवल्या तर मान वाकते, घोडी उखडते. म्हणून मान रुंद आणि दणकट करायची, तारा खाली लावायच्या आणि वाजवणाऱ्याने पंजाला कळ लागेपर्यंत दाबत राहायचं, असा तो संसार होता.

वीज आली आणि हा हिशेब बदलला. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांखाली पिकअप असतो: चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत क्षीण वीज जागी होते आणि अ‍ॅम्प्लिफायर तिला मोठं करतो. आवाज मोठा करण्याचं काम आता लाकडी पोटाकडे उरत नाही. म्हणजे तारा बारीक घेता येतात, ताण उतरतो, मान सडपातळ ठेवता येते आणि पट्टीही उतरवावी लागत नाही. बारा तारांच्या गिटारला विजेने खरी देणगी दिली ती ही. मोठा आवाज तर सगळ्याच गिटारना मिळाला होता.

ही देणगी पहिल्यांदा घेतली ती मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावच्या दोन भावांनी. क्लॉड आणि रस डीव्हर यांच्या ‘स्ट्रॅटोस्फिअर’ कंपनीने 1954 साली ‘ट्विन’ नावाची दोन मानांची गिटार काढली. एका मानेवर सहा तारा, दुसरीवर बारा. बाजारात विकलं गेलेलं पहिलं बारा तारांचं इलेक्ट्रिक वाद्य म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. पण तिच्या जोड्या लावण्याची रीत ऐकली तर आपल्याकडचा कुणीही वादक चमकेल. सप्तकाच्या अंतरावरची किंवा एकाच स्वराची जोडी डीव्हर बंधूंनी घेतलीच नाही. त्यांनी जोडीतल्या दोन तारा तिसऱ्या स्वराच्या अंतरावर लावल्या. आपल्या भाषेत, काही जोड्यांत सा आणि शुद्ध ग, काहींत सा आणि कोमल ग. एक बोट ठेवलं की दोन स्वरांची जोडधून आपोआप निघावी, दोन वादक एकत्र वाजवत असल्याचा भास व्हावा, ही कल्पना. जिमी ब्रायंट या विलक्षण चपळ वादकाने त्याच वर्षी स्पीडी वेस्टच्या साथीने ‘स्ट्रॅटोस्फिअर बूगी’ ध्वनिमुद्रित केलं, आणि ते ऐकताना आजही दम लागतो. अडचण अशी की कोणत्या जोडीत शुद्ध गंधार आणि कोणत्या जोडीत कोमल, हे सतत डोक्यात ठेवून प्रत्येक धून नव्याने बसवावी लागते, आणि साधे कॉर्ड तर वाजवताच येत नाहीत. ब्रायंटसारखे हात किती जणांना असतात? काही वर्षांतच कंपनीचा खेळ आटोपला. कल्पना म्हणून मला ही गिटार सगळ्यांत धाडसी वाटते, आणि वाद्य म्हणून सगळ्यांत आडमुठी.

गिब्सनने 1958 साली दोन मानांचीच ईडीएस-1275 काढली. सुरुवातीला ती फक्त मागणीनुसार बनत असे आणि पोकळ होती. पुढे 1962 च्या सुमारास ती भरीव अंगाची झाली. तिचं जड धूड खांद्यावर पेलणारे थोडेच होते. तिला खरी कीर्ती मिळाली 1970 च्या दशकात, जिमी पेजने रंगमंचावर ती गळ्यात अडकवल्यावर.

एकाच मानेची, हातात सहज मावेल अशी बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार आली 1961 साली, आणि तीही ग्रीसच्या वाटेने. ‘नेव्हर ऑन संडे’ हा चित्रपट 1960 साली आला. त्याचं मानोस हाजिदाकिसचं संगीत अमेरिकाभर वाजू लागलं आणि जोडतारांचं बुझुकी हे ग्रीक वाद्य एकदम लोकांच्या कानांत बसलं. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये रोज कुणा ना कुणासाठी वाजवणारा व्हिन्सेंट बेल हा शोधक वृत्तीचा वादक होता. बुझुकीचा तो किणकिणाट गिटारवादकाच्या ओळखीच्या बोटांनी काढता यावा, म्हणून त्याने न्यू जर्सीतल्या डॅनइलेक्ट्रो कंपनीशी हातमिळवणी केली. नेथन डॅनियलची ही कंपनी स्वस्त आणि हुशार गिटारसाठी प्रसिद्ध होती. लाकडाच्या सांगाड्यावर मॅसोनाइटचे पत्रे चढवायचे आणि पिकअप चक्क लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांत बसवायचे, असा तिचा कारभार. दोघांनी मिळून जे वाद्य काढलं त्याचं नाव ‘बेलझुकी’: बेल अधिक बुझुकी. आकार पाण्याच्या थेंबासारखा. मला या वाद्याबद्दल विशेष जिव्हाळा आहे, कारण पुढे त्याचा धागा थेट आपल्याकडे येतो. त्याकडे नंतर वळू.

आता कॅलिफोर्नियातल्या रिकेनबॅकर कंपनीकडे जाऊ. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी तव्याच्या आकाराची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार विकायला काढली होती. तिला लोक ‘फ्राइंग पॅन’च म्हणत. विजेची गिटार बाजारात आणणाऱ्या पहिल्या मंडळींत ही कंपनी होती. 1953 साली ती एफ. सी. हॉल यांनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी रॉजर रॉसमाइझल हा जर्मन कारागीर तिथे दाखल झाला. रॉसमाइझलच्या गिटारना एक वेगळंच देखणेपण होतं. तो मेपलचा भरीव तुकडा मागच्या बाजूने कोरून पोकळ करायचा आणि मग पाठ चिकटवून तो बंद करायचा. नागमोडी शिंगं, डोळ्यासारखं तिरकं ध्वनिछिद्र, चकाकती मान. 1963 साली कंपनीने बारा तारांचे नमुने करायला घेतले तेव्हा रॉसमाइझल तिथून गेला होता, पण त्याचं 360 हे अंग तयार होतं. प्रश्न डोक्याचा होता, म्हणजे गिटारच्या डोक्याचा.

बारा तारांना बारा खुंट्या लागतात. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सहा अशा ओळीने लावल्या तर डोकं लांबच लांब होतं. अशी गिटार गळ्यात घातली की मानेकडे झुकते आणि डाव्या हाताला स्वर धरता धरता तिचा भारही पेलावा लागतो. कारखान्यात काम करणाऱ्या डिक बर्कने यावर जो तोडगा काढला, तो या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे असं मी मानतो. त्याने सहा खुंट्या नेहमीसारख्या दोन्ही कडांना ठेवल्या. उरलेल्या सहांसाठी डोक्यात दोन खाचा पाडल्या आणि त्या खुंट्या काटकोनात वळवून, स्पॅनिश गिटारवर असतात तशा, मागे तोंड करून बसवल्या. बारा खुंट्या सहांच्या जागेत मावल्या. डोक्याचा आकार जवळजवळ साध्या गिटारएवढाच राहिला. समोरून पाहणाऱ्याला कडेच्या सहाच खुंट्या दिसतात. बाकीच्या सहा मागच्या बाजूला लपलेल्या. शिवाय प्रत्येक जोडीच्या दोन खुंट्या शेजारी-शेजारी पण दोन वेगळ्या दिशांना असल्यामुळे कोणती खुंटी कोणत्या तारेची, हे एका नजरेत कळतं. तारा लावताना हा केवढा दिलासा असतो ते बारा तारा लावणाऱ्यालाच विचारावं.

दुसरा बदल आणखी साधा होता, आणि नादावर त्याचा परिणाम जास्त झाला. लाकडी बारा तारांच्या गिटारवर जाड तारांच्या चारही जोड्यांत बारीक तार वरच्या बाजूला असते. हात वरून खाली येताना ती आधी वाजते, जाड तार मागाहून. रिकेनबॅकरवर हा क्रम उलटा केला गेला. आधी जाड तार, मग बारीक. दोन आघातांमधलं अंतर सेकंदाच्या अगदी लहान अंशाचं असतं, पण कानाला फरक स्पष्ट जाणवतो. आधी भक्कम मूळ स्वर उमटतो आणि त्याच्या मागोमाग वरच्या सप्तकाची किनार येते. एखाद्या गायकाच्या स्वराला मागून बालगंधर्वी बारीक आवाजाने साथ द्यावी, तसं काहीसं. जुन्या क्रमात ती किनारच पुढे घुसायची आणि मूळ स्वर तिच्याआड जायचा.

मान मात्र कंपनीने तशीच अरुंद ठेवली. वरच्या टोकाला सुमारे 41 मिलिमीटर, म्हणजे सहा तारांच्या गिटारएवढीच. लहान पंजाला ती सोयीची, जाड बोटांना शिक्षा. ताण पेलायला मानेच्या आत पोलादी सळ्यांची जोडी घातलेली. सुरुवातीच्या घोडीवर बारा तारांना सहाच आधार होते, म्हणजे जाड आणि बारीक तारेचा विसावा एकच. हा दोष खरा होता. जाड तारेला पडद्यांवर नेमका स्वर द्यायचा तर तिची लांबी बारकीपेक्षा किंचित जास्त हवी. एकाच आधारावर दोघींना बसवलं की वरच्या पडद्यांवर एक तरी थोडी बेसूर होणारच. पण या दोषानेच हेलकावे टिकवून धरले, आणि ऐकणाऱ्यांना ते आवडले.

1963 साली तयार झालेल्या या गिटारपैकी पहिली लास व्हेगासमध्ये कार्यक्रम करणाऱ्या सूझी आर्डेनकडे गेली. दुसरीने इतिहास घडवला. बीटल्स 7 फेब्रुवारी 1964 रोजी न्यूयॉर्कला उतरले. जॉन लेनन हॅम्बुर्गपासून रिकेनबॅकर वाजवत होता, त्यामुळे हॉल स्वतः गिटार घेऊन न्यूयॉर्कला आले आणि दुसऱ्या दिवशी एका हॉटेलात त्यांनी ती मांडून ठेवली. जॉर्ज हॅरिसन तापाने आणि घशाने बेजार होऊन प्लाझा हॉटेलातल्या आपल्या खोलीत पडून होता. लेननने बारा तारांची गिटार वाजवून पाहिली आणि ही जॉर्जने पाहायलाच हवी, असं त्याला वाटलं. गिटार आजाऱ्याच्या अंथरुणाशी नेली गेली. तिथून ती परत आली नाही.

25 फेब्रुवारीला, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, हॅरिसनने लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ‘यू कान्ट डू दॅट’ मध्ये ती वाजवली. 16 एप्रिलला ‘अ हार्ड डेज नाइट’ चं ध्वनिमुद्रण झालं आणि त्याच्या सुरुवातीचा तो एक कॉर्ड जगभर घुमला. एकच आघात, मग काही क्षण तरंगणारा नाद. त्यात नेमके कोणते स्वर आहेत यावर माणसांनी वर्षानुवर्षं डोकं खपवलं आहे. हॅरिसनने स्वतः आपला कॉर्ड सांगितला होता: एफ, आणि वरच्या तारेवर जी. पण त्यात लेननची गिटार, मॅकार्टनीचा बेस आणि निर्माता जॉर्ज मार्टिनचा पियानोही मिसळलेला आहे. कॅनडातले गणिताचे प्राध्यापक जेसन ब्राउन यांनी त्या नादातल्या कंपनसंख्या गणिताने सुट्या करून पाहिल्या आणि पियानोशिवाय हिशेब जुळत नाही असं दाखवलं. माझं म्हणणं एवढंच की सहा तारांच्या गिटारवर हा कॉर्ड वाजला असता तर एवढा शोध घ्यावा असं कुणाला वाटलंच नसतं. प्रत्येक स्वराला सावली असल्यामुळे कान कुठे थांबावं ते ठरवू शकत नाही.

ते गाणं ज्या चित्रपटासाठी केलं होतं, तो त्याच उन्हाळ्यात आला. लॉस एंजेलिसमध्ये तो पाहायला गेलेल्यांत जिम मॅक्ग्विन नावाचा तरुण होता. पुढे त्याने रॉजर हे नाव घेतलं. शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्यूझिकमध्ये शिकलेला, बँजो आणि लाकडी बारातारी दोन्ही वाजवणारा. पडद्यावर हॅरिसनच्या हातात त्याला आधी साधी सहा तारांची गिटार दिसली. मग हॅरिसन कडेला वळला आणि डोक्याच्या मागून डोकावणाऱ्या आणखी सहा खुंट्या दिसल्या. डिक बर्कने लपवलेल्या त्याच त्या सहा खुंट्या. मॅक्ग्विनने आपली लाकडी बारातारी आणि बँजो दुकानात देऊन त्याबदल्यात रिकेनबॅकर 360/12 घेतली.

पुढचं काम वाद्याइतकंच वादकाचं आणि तंत्रज्ञाचं आहे. मॅक्ग्विनने अंगठा आणि तर्जनीत पिक धरला, मधल्या दोन बोटांत नख्या चढवल्या आणि बँजोवरच्या फिरत्या लडी गिटारवर आणल्या. कॉर्ड एकदम न छेडता त्याचे स्वर एकामागून एक ओघळवायचे. पण विजेच्या गिटारचा स्वर आघाताच्या क्षणी मोठा असतो आणि लगेच विझू लागतो. बारा तारांच्या बारीक किनारीला तर आयुष्यच थोडं. कोलंबिया कंपनीच्या हॉलिवूडमधल्या स्टुडिओत ध्वनितंत्रज्ञ रे गेरहार्टने त्या आवाजावर कंप्रेसर लावला, तोही एकावर एक. हे यंत्र मोठा आवाज दाबतं, त्यामुळे एकूण पातळी चढवता येते आणि विझत चाललेली शेपटी वर येते. आघात बोथट झाला, झंकार लांबला, आणि स्वर एखाद्या फुंकवाद्यासारखा लांबवर टिकू लागला. मॅक्ग्विनच्या बर्ड्स या वाद्यवृंदाचं ‘मिस्टर टँबरीन मॅन’ 20 जानेवारी 1965 रोजी याच रीतीने मुद्रित झालं. गाणं बॉब डिलनचं. बर्ड्सपैकी वाद्य वाजवणारा त्या मुद्रणात एकटा मॅक्ग्विन. बाकीचे स्टुडिओचे भाड्याचे वादक. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत आणि इंग्लंडमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं. आज ज्या आवाजाला जग रिकेनबॅकरचा आवाज म्हणतं, तो निम्मा मेपलचा आणि निम्मा त्या कंप्रेसरचा आहे. कंपनीलाही ते मान्य असावं, कारण 1988 साली मॅक्ग्विनच्या नावाने काढलेल्या गिटारमध्ये तिने कंप्रेसरचं सर्किट आतच बसवून दिलं.

मग देवाणघेवाण सुरू झाली. बर्ड्सच्या ‘बेल्स ऑफ ऱ्हिम्नी’ मधली लड हॅरिसनच्या मनात रुजली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने ‘इफ आय नीडेड समवन’ तिच्यावर बेतलं. उसनं घेतल्याचा निरोपही त्याने बर्ड्सची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या डेरेक टेलरमार्फत मॅक्ग्विनला पाठवला. चित्रपट पाहून ज्याने गिटार घेतली, त्याच्याकडून चित्रपटातल्या माणसाने धून घेतली.

इतर कारखाने जागे झालेच होते. इंग्लंडमध्ये बर्न्सने ‘डबल सिक्स’ काढली, व्हॉक्सने कोनेरी ‘फँटम’; गिब्सन, गिल्ड, ग्रेच सगळे पुढच्या दोनेक वर्षांत उतरले. त्यांत थांबून पाहावी अशी एकच, फेंडरची ‘इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह’. जानेवारी 1965 मध्ये लिओ फेंडरची कंपनी सीबीएसने 1 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतली, आणि त्याच वर्षी ही गिटार बाजारात आली. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. ते यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या नजरेने वाद्याकडे बघत, आणि त्या नजरेला रिकेनबॅकरचा दोष लगेच दिसला असणार. त्यांनी घोडीवर बारा तारांना बारा स्वतंत्र आधार दिले. प्रत्येकाची लांबी स्क्रूने वेगळी जुळवता येते. तारा अंगातून आरपार ओवल्या. पिकअपचे दोन-दोन तुकडे केले. डोकं मात्र लांब, हॉकीच्या काठीसारखं वाकलेलं. सुरेलपणाच्या कसोटीवर ही त्या काळातली सर्वोत्तम बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार होती, याबद्दल मला शंका नाही. तरी ती खपली नाही. 1970 उजाडेपर्यंत तिचं उत्पादन थांबलं आणि उरलेल्या सांगाड्यांतून दुसरीच गिटार बनवून विकली गेली. पुढे ‘स्टेअरवे टू हेवन’ मधला बारा तारांचा भाग पेजने स्टुडिओत याच फेंडरवर वाजवला. ती दोन मानांची गिब्सन होती रंगमंचासाठी.

खपली नाही याला कारणही होतं. काळ पुढे सरकला होता. 1967 नंतर गिटारवादकांना तार ओढून मींड घ्यायची होती, आवाज फाडून, ताणून वाजवायचा होता. जोडीतल्या दोन तारा एकत्र ओढल्या तर त्या सारख्या चढत नाहीत, आणि आवाज फाडणाऱ्या फझ यंत्राच्या खरखरीत जोडस्वर मिसळले की नुसता गलका होतो. या वाद्याचा स्वभाव नितळ पाण्याचा. त्याला ढवळून चालत नाही. त्याचे दिवस परत आले ते 1979 च्या आसपास, टॉम पेटी आणि त्याच्यानंतरच्या पिढीने बर्ड्सच्या तबकड्या पुन्हा ऐकल्यावर.

आता तो राहिलेला धागा. बर्ड्समधल्या डेव्हिड क्रॉस्बीला रविशंकरांच्या सतारीने झपाटलं होतं. ऑगस्ट 1965 मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या एका घरात त्याने आणि मॅक्ग्विनने हॅरिसनजवळ रविशंकरांचा विषय काढला. त्या नोव्हेंबरात दौऱ्यावरच्या गाडीत बर्ड्सनी एकाच कॅसेटवर एका बाजूला जॉन कोल्ट्रेन आणि दुसऱ्या बाजूला रविशंकर असं पुन्हा पुन्हा ऐकलं. 1966 च्या ‘एट माइल्स हाय’ मध्ये मॅक्ग्विनची सुरुवातीची लड कोल्ट्रेनच्या ‘इंडिया’ या रचनेतून आली आहे. तोच हॅरिसन सप्टेंबर 1966 मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला, आणि जानेवारी 1968 मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन त्याने ‘वंडरवॉल म्यूझिक’ चा मोठा भाग मुद्रित केला. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट बेलने त्याआधीच, 1967 साली, डॅनइलेक्ट्रोच्या ‘कोरल’ या नावाखाली विजेची सतार तयार केली होती: सहा मुख्य तारा, शेजारी तेरा तरफा, आणि सतारीसारखी जवारी निघावी म्हणून रुंद, सपाट घोडी. मींडयुक्त आलापीला ती पुरणारी नव्हती, पण तार घोडीला घासून जो गुंजारव उठतो तो तिने अमेरिकन रेडिओवर पोचवला. आधी बुझुकी, मग सतार. दोन्ही वेळा बेलला हवी होती ती एका तारेतून अनेक तारांचा नाद काढणारी युक्ती.

हे प्रकरण वाचून झाल्यावर एक काम कराच. ‘बेल्स ऑफ ऱ्हिम्नी’ आणि ‘इफ आय नीडेड समवन’ ही दोन मुद्रणं पाठोपाठ ऐका, शक्य असेल तर हेडफोन लावून. गाण्याकडे पहिल्या खेपेला लक्ष देऊ नका. गिटारच्या खालच्या स्वरांवर कान ठेवा आणि जाड तार आधी, बारीक तार मागाहून येते का ते पाहा. दोन-तीनदा ऐकलंत की तो क्रम कानाला सापडेल, आणि मग कुठल्याही अनोळखी गाण्यात रिकेनबॅकर वाजली तरी तुम्ही तिला ओळखाल.